सापडत नाही म्हणू नये

मला त्याचा पहिल्यांदा हेवा वाटला तो एका हॉलवरून.

लातूरला आम्ही दोघं ज्या क्लासमध्ये शिकवत होतो, त्या इमारतीत तळमजल्याचा हॉल सगळ्यांत चांगला. मोठ्या खिडक्या, दोन्ही बाजूंना कूलर, नवा फळा, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की चहाची टपरी. वरचे हॉल उन्हाळ्यात भट्टीसारखे तापायचे. खालचा हॉल मिळावा म्हणून मी क्लासच्या मालकांना रीतसर भेटलो होतो, गुडघ्याचं दुखणं सांगितलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा दाखवली होती. हॉल मिळाला त्याला. त्यानं तर तो मागितलाही नव्हता. "मी वर जात नसतो," एवढंच तो म्हणाला होता. भूकंपात त्याचं गाव कोसळलं, तेव्हापासून स्लॅबखाली त्याला बसवत नसे. बसलाच तर दाराजवळ. मालकांनी ताबडतोब खालचा हॉल त्याच्या नावे केला. त्याची भीती खरी होती, हे मला मान्य आहे. पण माझा गुडघाही खरा होता, आणि तो रोज तिसऱ्या मजल्यावर चढत राहिला.

आमच्या क्लासमध्ये माणसांना नावं नसत, विषय असत. मी फिजिक्स, तो केमिस्ट्री. मुलं, पालक, मेसवाले, चहावाला, सगळे तसंच म्हणत. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणत असे. मनात मात्र मी त्याला कधी अहो-जाहो केलं नाही आणि आता लिहितानाही करणार नाही. एवढी सूट वाचकांनी मला द्यावी.

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाला दोन खिसे शिवून घ्यायचा. एका खिशात पेन आणि लहान बॅटरी, दुसऱ्यात पी.टी.च्या मास्तरांकडे असते तसली शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. "दबलो तर वाजवता यावी," तो म्हणाला आणि खडू उचलून वर्गात गेला. मुलांना या शिट्टीचं भारी अप्रूप. तास सुरू करताना तो ती एकदा हळूच वाजवायचा आणि गच्च भरलेला हॉल चिडीचूप व्हायचा. मी घसा फोडून 'सायलेन्स' म्हणायचो, तरी मागच्या बाकावरची खुसपुस थांबायची नाही.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. स्टाफरूममध्ये कुणाच्याही तोंडून 'सापडत नाही' असं निघालं, की हा खुर्चीतून उठलाच.

"सापडत न्हाई म्हनू नये, सर. कुठं ठेवलंय ते ध्यानात न्हाई, असं म्हनावं."

आणि मग तो शोधायला लागायचा. वस्तू कुणाचीही असो, त्याला परवानगीची गरज वाटत नसे. गणिताच्या सरांची किल्ली, इंग्रजीच्या सरांचा चष्मा, माझा डबा. दुसऱ्याचे ड्रॉवर तो आपलेच असल्यासारखे उघडायचा. माझ्या ॲसिडिटीच्या गोळ्या मी कुणाला कळू नयेत म्हणून जुन्या पेपरांखाली ठेवायचो, तर एके दिवशी भर स्टाफरूममध्ये म्हणाला, "सर, गोळ्या संपून राहिल्यात तुमच्या. आज आना." सगळे हसले. मीही हसलो. त्या गोळ्या मला ज्याच्यामुळे घ्याव्या लागत होत्या, तोच त्या मोजत होता.

त्याची ही खोड भूकंपातून आलेली, हे मला त्याच्या गावच्या माणसांनी सांगितलं. निलंग्याकडच्या त्या गावात तो हायस्कूलवर विज्ञान शिकवायचा. मतदार याद्यांच्या कामाला, जनगणनेला तोच घरोघर फिरलेला. गाव सपाट झालं तेव्हा गल्ल्याही उरल्या नाहीत, नुसता दगडमातीचा ढीग. कुणाला आपलं घर कुठं होतं तेसुद्धा उमगेना. तेव्हा हा माणूस ढिगावर उभा राहून सांगायचा: इथं चावडी, इथून डावीकडं वाण्याचं घर, त्याच्या पलीकडं तुझं. जवान त्याच्या बोटाकडे बघून खोदायचे. लोक लांबून हाका मारत यायचे, "मास्तर, माझं घर कुठं?"

सरकारनं बांधून दिलेल्या नव्या वसाहतीतून ही माणसं अजूनही त्याला भेटायला यायची. रविवारी टपरीच्या बाकड्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणायचं, कुणी नुसतंच बसून जायचं. एक म्हातारे मला म्हणाले होते, "ह्या मास्तरनं बोट दाखवलं म्हनून माझा नातू जित्ता निघाला. देवमानूस हाय." मी मान हलवली. मी इतकी वर्षं शिकवत होतो, माझ्या हाताखालून कितीतरी डॉक्टर झाले, पण माझ्यासाठी कुणी शेंगा आणल्याचं मला आठवत नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण तो माझ्या घरातही शिरला.

माझं घर नांदेडला. बायको, मुलगी आणि आई तिथं, मी लातूरला एका खोलीत. रविवारची टेस्ट झाली की बस पकडायची, सोमवारी परत. एकदा परीक्षेच्या कामानं आम्ही दोघं नांदेडला गेलो आणि मी, वैऱ्यालाही सुचू नये अशी बुद्धी होऊन, त्याला घरी जेवायला नेलं. बोलता बोलता बायको म्हणाली की तिचं लग्नातलं चांदीचं जोडवं कधीचं हरवलंय, सापडतच नाही. हा हातातला घास ठेवून उठला.

"वहिनी, हरवलं त्या दिवशी काय करून राहिल्या होत्या?"

"पाहुणे होते. पंगत होती घरात."

"वाढून झाल्यावर?"

"पाय आखडले म्हणून जोडवी काढून ठेवली, मग पाट उचलले बहुतेक."

त्यानं भिंतीला टेकवलेले पाट एकेक करून उलटे केले. ज्या पाटावर मी बसलो होतो, तोही मला उठवून उलटा केला. त्याच्या खालच्या पट्टीत जोडवं रुतून बसलं होतं. आईनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. बायको मला म्हणाली, "अहो, रोज त्या पाटावर बसून जेवता, तुम्हाला कधी दिसलं नाही?" मी पाटावर बसतो, पाटाखाली नाही, हे उत्तर मला सुचलं ते तो गेल्यानंतर. तेव्हापासून दर आठवड्याला मी घरी पोचलो की माझ्या तब्येतीच्या आधी चौकशी व्हायची ती "केमिस्ट्रीचे सर कसे आहेत?" अशी.

आणि मग मालकांनी जाहीर केलं की नांदेडला शाखा काढायची आहे. शाखाप्रमुख म्हणून दोनच नावं त्यांच्या डोक्यात होती, माझं आणि त्याचं.

मला नांदेड किती हवं होतं, हे सांगायला हवं. आईला आता दिसत कमी होतं. मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" लातूरच्या मेसमधली पातळ डाळ मी तिच्या जन्माआधीपासून खात होतो. हा गृहस्थ मात्र एकटा, पत्र्याच्या खोलीत राहणारा. नांदेडात त्याचं कुणी नव्हतं. तरी स्टाफरूममधले सगळे त्याच्याकडेच बघून म्हणायचे, "मग काय सर, नांदेड?" तोवर माझा हेवा हौशी होता, त्या दिवसापासून तो पोटापाण्याचा झाला.

त्याच दिवसांत ते सॉफ्टवेअर आलं.

ऑफिसात आणि स्टाफरूममध्ये मिळून चार-सहा संगणक होते, एकमेकांना जोडलेले. आमच्या टेस्टचे पेपर, नोट्स, पालकांना पाठवायच्या सूचना, सगळं त्यांत. टायपिंग बघायच्या त्या आमच्या ऑपरेटर ताई, बिलोलीकडच्या. नवरा हैदराबादला कंपनीत आहे, असं त्या सांगत. लहान मुलगी घेऊन क्लासच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायच्या. कामाला चोख आणि बोलायला तुटक.

कुठल्याशा संगणकाच्या मासिकाबरोबर एक सीडी फुकट आली होती. तीतलं एक सॉफ्टवेअर असं होतं, की ते एकदा टाकलं की संगणकातली प्रत्येक फाईल आपणहून वाचून काढायचं. आपण आपलं काम करत राहायचं, ते मागं बसून वाचत राहणार. मग चौकटीत कुठलाही शब्द टाका, तो जिथं जिथं असेल तिथून काढून समोर ठेवणार. केमिस्ट्रीनं चौकटीत एकामागून एक शब्द टाकून बघितले. नंतर म्हणाला, "हे तवा पाहिजे होतं."

त्यानं ते सगळ्या मशिनांवर टाकलं. मशिनं कण्हायला लागली. आतले पंखे गरगरायचे, पेटी गरम व्हायची, ताईंनी टाईप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला एवढा वेळ लागायचा की तेवढ्यात त्या पुढचा शब्द विसरायच्या.

"सर, मशीन काय करून राहिलंय हे?"

"वाचून राहिलंय, ताई."

"किती दिस वाचणार?"

"जेवढं लिहून ठेवलंय तेवढं."

"मग आता मी लिहू का नको?"

"लिहा की. ते बी वाचतंय."

एका रविवारी तर पेपर छापून होईचना. बाहेर मुलांच्या रांगा, अर्धापूर, बिलोलीहून आलेले पालक झाडाखाली ताटकळलेले, आणि आत प्रिंटरमधून अर्धं पान बाहेर येऊन लटकलेलं. शेवटी त्यानं शिट्टी वाजवून मुलांना शांत केलं आणि अख्खा पेपर फळ्यावर लिहून काढला, पाठ. मालक रागावतील म्हणून मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तर ते म्हणाले, "काय मेमरी आहे बघा ह्या माणसाची!" माझ्या पेनड्राइव्हमधून एकदा व्हायरस आला होता, तेव्हा ह्याच मालकांनी सगळ्यांची मीटिंग घेतली होती.

हळूहळू लोकांना त्या चौकटीची चटक लागली. आणि माणसं किती साधी असतात बघा, प्रत्येकानं सर्वांत आधी काय शोधलं असेल, तर स्वतःचं नाव. इंग्रजीच्या सरांनी शोधलं, गणिताच्या सरांनी शोधलं, शिपायानंसुद्धा कुणाला तरी शोधायला लावलं. आपल्याबद्दल कुणी कुठं काय लिहिलंय, हे बघायचं होतं. स्टाफरूम रिकामी बघून मीही माझं नाव टाकलं. मशीन थोडं घरघरलं आणि म्हणालं की काही नाही. एवढी वर्षं राबून त्या इमारतीतल्या सगळ्या संगणकांत मी कुठंच नव्हतो. मग मी त्याचं नाव टाकलं. पडदा भरला, खाली सरकवला तर आणखी भरला. मी संगणक बंद केला आणि त्या दिवशी जेवलो नाही. मी माझ्या नोट्स हातानं लिहायचो आणि तो प्रत्येक पानाखाली स्वतःचं नाव टाईप करून घ्यायचा, एवढंच त्यामागचं कारण होतं, हे मला नंतर कळलं. कळून फारसा उपयोग झाला नाही.

पण त्या यंत्राची एक गोची होती. त्याला मराठी येत नव्हतं. आमची मराठी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली. पडद्यावर 'सूचना' दिसायचं, पण यंत्राच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची निव्वळ खिचडी. मराठीत लिहिलेलं काहीच त्याला सापडायचं नाही. केमिस्ट्रीला हे फार लागलं. "आपल्या मानसांचं तेवढं सापडत न्हाई, हे काय झालं?" असं म्हणत तो रोज तास संपले की ऑफिसात बसू लागला. एकेक मराठी फाईल उघडायची, आत काय आहे ते बघायचं आणि यंत्राला कळावं म्हणून फाईलला इंग्रजी अक्षरांत नाव द्यायचं. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाची फाईल, कशाची फाईल, हा विचारही त्याच्या मनात आला नाही. दारामागच्या अंधारात पडलेलं सगळं तो आपला झाडून पुढं आणून ठेवत होता.

एका दुपारी गणिताच्या सरांना रजेचा अर्ज हवा होता. बहिणीच्या लग्नाला गेल्या वर्षी दिलेला, तोच तारीख बदलून मेव्हणीच्या लग्नाला द्यायचा होता. त्यांनी चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'लग्न' टाकलं. पहिलीच फाईल आली ती त्यांनी उघडली, आणि त्यांना मोठ्यानं वाचायची सवय, म्हणून वाचायलाही लागले.

"घटस्फोटित. एक मुलगी. कोणतीही अट नाही..."

तिथं ते थांबले. बायोडेटावरचा ताईंचा फोटो दिसला असावा. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो आणि दारात ताई पेपरांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या.

ताईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला, कडा नीट जुळवल्या आणि विचारलं, "कुणी काढलं हे?"

गणिताचे सर पुटपुटले की त्यांनी काही केलं नाही, आपोआप आलं. केमिस्ट्री दाराजवळच्या त्याच्या खुर्चीतून उठला.

"ताई, नाव मी दिलं फाईलला. सापडावं म्हनून."

"कुणाला सापडावं म्हनून?"

त्याला उत्तर येत नाही, असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"मी काही हरवलं होतं का, सर? आले होते का तुमच्याकडं, की माझं काही सापडत न्हाई म्हनून?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "नवरा हैदराबादला हाय, ह्या एका शब्दावर मला खोली मिळालीय. उद्या घरमालकीण दारात आली तर काय सांगू मी तिला? हरवलेलं शोधावं, सर. झाकलेलं शोधू नये."

त्या निघून गेल्या. इंग्रजीचे सर 'झाकली मूठ' वगैरे काहीतरी म्हणायला लागले, त्यांना कुणी पुढं बोलू दिलं नाही. मला ताईंचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, पण त्याच्या थोडं आधी माझ्या डोळ्यांपुढं नांदेड आलं. एवढं झाल्यावर मालक ह्याला शाखाप्रमुख करणार नाहीत, एवढा हिशेब माझ्या मनानं तिथल्या तिथं करून टाकला.

तो बाहेर टपरीवर जाऊन उन्हात बसला होता. कुणीतरी जायला हवं म्हणून मी गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि बोलू लागला.

"ढिगातून सामान निघायचं ना सर, तवा मी मोठ्यानं सांगायचो, हे अमक्याचं, ते तमक्याचं. लोक उचलून न्यायचे. एक पितळी डबा निघाला. मी वळखला. एका घरच्या सुनेचा. तिला हाक मारली. ती म्हनली, माझा न्हाई. मी म्हनलं, तुमचाच हाय की, मी पाहिलाय घरी आलतो तवा. ती म्हनली, न्हाई. मला वाटलं, दुःखात इसरली. मी डबा तिच्या सासऱ्याच्या हातात दिला. त्यानं सगळ्यांपुढं उघडला."

"दागिने होते?"

"गोळ्या होत्या. मूल व्हऊ नये म्हनून घेत्यात त्या. त्या घरातली लेकरं आदल्या दिवशी पुरली होती, सर. सगळं गाव बघून राहिलं होतं. ती माझ्याजवळ आली अन् म्हनली, मास्तर, दगडाखालीच बरं होतं." त्यानं चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. "तवाच कळायला पाहिजे होतं मला. पन बाकीचे लोक एवढे पाया पडून राहिले होते, की त्यात तिचं बोलनं दबून गेलं. सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं. पुढं काय झालं, ठाऊक न्हाई. सगळे येत्यात, ती तेवढी कधी भेटायला आली न्हाई मला."

मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. पण आत काय चाललं होतं ते सांगतो. त्याच्या पापाचाही मला हेवा वाटत होता. माझ्याजवळ त्या भूकंपाचं काय होतं? त्या पहाटे नांदेडला फळीवरची ताटं वाजली, मला वाटलं मांजर असेल, आणि मी कूस बदलून झोपलो. माझ्या आयुष्यात उन्हात बसून सांगावं असं काही घडलंच नव्हतं.

त्याच दिवशी त्यानं ते सॉफ्टवेअर सगळ्या मशिनांवरून काढलं. मशिनं गप्प झाली. पुढचे कितीतरी दिवस तो फाईलींना त्यांची जुनी नावं परत देत बसला. ती सगळी त्याला आठवत होती, हे सांगायला नकोच. आम्हा प्रत्येकाला त्यानं एकेकटं गाठून एवढंच सांगितलं, "ह्या खोलीतलं ह्या खोलीतच राहू द्या." आणि नवल म्हणजे ती गोष्ट खरंच इमारतीबाहेर गेली नाही. लातुरात हे सोपं नसतं. ताईंची खोली राहिली. त्यांनी त्याला माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. त्याचे पेपर पूर्वीइतकेच चोख टाईप व्हायचे, पण द्यायला त्या स्वतः न येता शिपायाला पाठवायच्या.

तो मात्र बदलला. कुणी 'सापडत नाही' म्हणालं की सवयीनं अर्धा उठायचा, पुन्हा बसायचा आणि विचारायचा, "हरवलंय, का झाकलंय?" इंग्रजीच्या सरांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर असला तरी आधी हे विचारायचा.

मालकांनी मला बोलावलं आणि नांदेडची शाखा माझ्या हाती दिली. मी सुखानं खुर्चीतच विरघळलो. जाता जाता, नको ते विचारायची खाज म्हणून, विचारलं, "केमिस्ट्रीच्या सरांचा विचार होता ना? त्या प्रकरणामुळे मागं पडला असेल."

"छे हो. त्यांनाच आधी विचारलं होतं, हे सॉफ्टवेअरचं सुरू व्हायच्याही आधी. नाही म्हणाले. गावची माणसं लातूरला येतात, मी इथून हललो तर त्यांना सापडायचा नाही, म्हणाले. पटलं मला. मग तुमचंच नाव उरलं."

म्हणजे इतके दिवस मी ज्याच्या हातातून ते ओढून घेतो आहे असं समजत होतो, त्यानं ते केव्हाच ताटाबाहेर काढून ठेवलं होतं. बायकोला फोन केला. ती आनंदानं ओरडली, आईला हाक मारली, मुलीला हाक मारली, आणि मग म्हणाली, "आणि केमिस्ट्रीचे सर? ते नाही येणार?"

निघायच्या दिवशी तो एस.टी. स्टँडवर आला. सगळे शेडखाली उभे होते, हा बाहेर उन्हात. माझी वळकटी, पेटी, पुस्तकांची पोती टपावर चढली. मी खिडकीत बसलो तसा तो खिडकीशी आला.

"सगळं घेतलं ना सर?"

"घेतलं."

"काही राहिलं न्हाई?"

"नाही हो. खोली झाडून आलोय."

तो थोडा घुटमळला. मग खिडकीच्या गजाला हात लावून हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमचा माझ्यावर जळफळाट हाय, ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक हाय."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. शेजारचा प्रवासी ऐकत होता. मला नाही म्हणायचं होतं, हसण्यावारी न्यायचं होतं, पण काही जमलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"झाकून ठेवलं होतं की तुम्ही. कसं उघडू?"

"आणि आज?"

"आज तुम्ही चाललात. म्हनलं, गडबडीत इथंच राहून जाईल अन् मागून मलाच सापडंल." तो हसला. त्याचं हसू छान होतं, हे मी आजवर लिहायचं टाळलं आहे. "आपलं सामान आपल्यासंगं न्यावं, सर."

कंडक्टरनं घंटी मारली. त्यानं खिशातली शिट्टी काढून एकदा हळूच वाजवली आणि अख्खी बस गप्प झाली, ड्रायव्हरसकट.

नांदेडला मला बारा वर्षांच्या वर झाली. शाखा बरी चालली. मेसच्या डाळीची चव विसरलो. मुलगी परत कधी जाणार विचारत नाही, आता तीच जाते. तो अजून लातूरलाच आहे, पत्र्याखाली, आणि रविवारी त्याच्याकडे माणसं येतात, असं कळतं. त्यानं सांगितलं तसं सामान मी सोबत आणलं आहे. आजही आहे माझ्याजवळ, सगळंच्या सगळं, नीट ठेवलेलं. कुणी केमिस्ट्रीच्या सरांचं नाव काढलं, की मला ते शोधावं लागत नाही.